प्रवेशभाग जुन्या वस्तूंनी लावायचा आहे: हॉलस्टँड, आरसा, बाक, घड्याळ. सल्ला हवा

उंबरठा :
मंडळी, थोडा सल्ला हवाय. आमच्या घराचं दार उघडलं की आधी एक बोळ लागतो. रुंदी १२० सें.मी., लांबी साडेतीन मीटरच्या आसपास, खिडकी नाही. टोकाला कोरी भिंत आणि तिथेच डावीकडे बैठकीच्या खोलीचं रुंद तोंड. आतापर्यंत बोळात प्लायवूडचा चप्पल-स्टँड आणि हुकांची एक पट्टी होती. दोन्ही काढून टाकली. आता ही जागा जुन्या वस्तूंनी लावायची आहे. जुनं 'दिसणारं' नको, खरंच जुनं हवं, आणि रोजच्या वापरात टिकणारं हवं. छत्र्या ओल्या येणार, दप्तरं आदळणार, किल्ल्या भिरकावल्या जाणार, हे धरूनच चाललोय.

डोक्यात आहे ते असं: आरसा आणि खुंट्या असलेला उंच लाकडी हॉलस्टँड (व्हिक्टोरियन धाटणीचा, खाली छत्र्यांची जागा असलेला), बूट घालताना टेकायला बाक किंवा मोठी ट्रंक, आणि एखादा जुना दिवा. नवऱ्याला टोकाच्या भिंतीशी लंबकाचं उभं घड्याळ हवंय. मला ते तिथे उभ्या शवपेटीसारखं दिसेल अशी धास्ती आहे.

एक हॉलस्टँड बघून आलोय. ओकचा आहे असं विकणारा म्हणतो. आरशाचा पारा कडेने उडालाय, खालचं ओतीव लोखंडाचं तबक गंजलंय आणि मागच्या फळीला बारीक भोकं आहेत. घ्यावा का? काय काय तपासावं?

काटकोन :
घ्यावा का ते नंतर. आधी टेप काढा.

माणसाला हातात पिशवी घेऊन न अडखळता जायला ९० सें.मी. लागतात. १२० मधून ९० गेले की उरतात ३०. म्हणजे बोळाच्या लांबीभर कुठेही ३० सें.मी.पेक्षा खोल वस्तू ठेवलीत की रोज कुल्ला आपटणार. हॉलस्टँड तळाशी ३० ते ४० सें.मी. खोल असतात. शिवाय खुंटीला जाड कोट लटकला की तो भिंतीपासून वीस-पंचवीस सें.मी. पुढे येतो, हे रिकामा स्टँड बघताना कुणाच्या लक्षात येत नाही.

पण तुमच्या वर्णनात एक सोन्यासारखी जागा आहे. डावीकडे बैठकीचं तोंड उघडतं, तिथे बोळ प्रत्यक्षात रुंद होतो. त्या तोंडासमोरची उजवी भिंत बघा. हॉलस्टँड तिथे गेला तर ३५-४० सें.मी. खोलीसुद्धा खुपणार नाही. आणि बैठकीला खिडकी असेल तर तिचा उजेड समोरच्या आरशावर पडून बोळात शिरेल. खिडकी नसलेल्या जागेत आरसा उजेडाच्या समोर हवा. टोकाच्या भिंतीवर लावलात तर त्यात बंद दार दिसत राहील.

फरशीवर मास्किंग टेपने वस्तूचा ठसा आखा आणि थोडे दिवस तसंच राहा. दाराचं पान पूर्ण उघडतं का, तेही त्यातच कळेल. आणि हो, उंची! असे स्टँड दोन मीटरच्या वर जातात. छताचं माप घ्या, दाराच्या चौकटीचं घ्या, आणि स्टँडचा वरचा भाग सुटा होतो का ते विचारा.

उंबरठा :
अहो, हे सुचलंच नव्हतं! बैठकीला मोठी खिडकी आहे आणि ती त्या तोंडाच्या बरोबर रेषेत येते. आज टेप लावते.

भोचक :
मला एक कळत नाही. दाराशी जुनं फर्निचर कशाला? घरातली सर्वांत धसमुसळी जागा ती. जुन्या वस्तू आत ठेवाव्यात जिथे त्यांना कुणी हात लावत नाही.

रंधा :
@भोचक, उलट आहे. जुन्यातल्या बऱ्याच वस्तू मुळात दारासाठीच घडवलेल्या होत्या. इंग्लंडमधल्या मोठ्या घरांत अठराव्या शतकापासून 'हॉल चेअर' नावाची खुर्ची असायची. बैठक कोऱ्या लाकडाची, गादी नाही, कापड नाही. का? तर तिच्यावर निरोप घेऊन आलेला माणूस बसणार, ओल्या-चिखलट कपड्यांनी. पाठीवर घराण्याचं चिन्ह रंगवलेलं, म्हणजे आल्या-गेल्याला दरारा वाटावा. बसायला महागैरसोयीची असते आणि ते मुद्दाम आहे! पण पाच मिनिटं टेकून बूट घालायला तिच्याइतकी चांगली वस्तू नाही. ओली झाली तर पुसली, संपलं.

हॉलस्टँडचंही तेच. एकोणिसाव्या शतकात कोट, टोपी, काठी, छत्री, हातमोजे, आरसा एवढं सगळं एका चौकटीत बसवून तो तयार झाला. खालचं तबक छत्रीचं पाणी झेलायला, आणि ते सुटं असतं ते उचलून ओतून टाकायला. काम ठरवून केलेली वस्तू आहे. नाजूक गादीची खुर्ची किंवा पातळ पायांचं शिसवी टेबल दाराशी ठेवाल तर मात्र भोचक म्हणतात ते खरं. म्हणून मी प्रवेशभागाला एकच चाळणी लावतो: ही वस्तू पूर्वी दाराशी, दुकानात, शाळेत, स्टेशनात राबलेली आहे का? राबलेली असेल तर घ्या.

आता @उंबरठा, तपासायचं कसं.

समोरून बघूच नका. मागे जा, खाली वाका, खण बाहेर ओढा. कारागीर दर्शनी बाजू नटवतो, पाठीमागे तो खरं बोलतो. मागची फळी प्लायवूडची आहे का? स्क्रूच्या डोक्याला फुलीची खाच असेल तर तो १९३०च्या दशकानंतरचा. एखादा तसा स्क्रू दुरुस्तीचा असू शकतो, सगळेच तसे असतील तर वस्तूचं वय तेवढंच. त्याही मागे जायचं तर टोकदार स्क्रू साधारण १८५०पासून रुळले, त्याआधीच्यांची टोकं बोथट. हातमोज्यांचा खण असेल तर त्याचे कोपरे बघा. हाताने कापलेले डोव्हटेल (कबुतराच्या शेपटीसारखे एकमेकांत अडकणारे दात) एकमेकांसारखे नसतात, दात बारीक आणि कमी-जास्त असतात, आखणीची रेघ तशीच राहिलेली असते. यंत्राचे सगळे एका मापाचे. आणि अर्धगोल, मध्ये टिकली असलेला सांधा दिसला तर खूश व्हा: तो अमेरिकेत साधारण १८७० ते १९०० एवढ्याच काळात यंत्रावर निघाला, त्यामुळे काळ जवळजवळ हातात येतो.

आणखी एक. लाकूड आडव्या रेषेत आक्रसतं, उभ्या रेषेत जवळजवळ नाही. शंभर वर्षांचं गोल टेबल मोजलंत तर ते काटेकोर गोल नसतं. विकणारा जुनं म्हणतोय आणि टेबल परकारासारखं गोल आहे, तर मी दुसरं दुकान बघतो.

ओक आहे का हे ओळखायचं तर कापाकडे बघा. विशिष्ट पद्धतीने चिरलेल्या ओकमध्ये फिकट चकचकीत पट्टे दिसतात, रेषांना आडवे जाणारे. ते समोर आहेत आणि त्याच फळीच्या मागे काहीच नाही, असं असेल तर वर विनियर (चांगल्या लाकडाचा चिकटवलेला पातळ थर) आहे किंवा रेषा रंगवलेल्या आहेत. रंगवलेला ओक हाही खूप जुना उद्योग आहे, वाईट नाही, फक्त ओकचे पैसे देऊ नका.

भोचक :
बरं बाबा, मागे घेतो. पण 'अँटिक' कधी म्हणायचं?

काटकोन :
शंभर वर्षं. बऱ्याच देशांच्या जकातीच्या नियमांत हीच रेघ आहे आणि व्यापारानेही ती उचलली. त्याच्या अलीकडचं 'विंटेज', आणि त्या शब्दाला काही धरबंध नाही.

शेवंता :
भोकांकडे कुणीच बघितलं नाही? मागच्या फळीला भोकं म्हणजे भुंगेरे. घरभर पसरतील. पळा तिथून.

रंधा :
पळायची गरज नाही, वाकून बघायची आहे.

जुन्या लाकडात भोकं असणारच. युरोपीय फर्निचरमध्ये बहुतेक वेळा तो छोटा फर्निचर भुंगेरा असतो, भोक दीड-दोन मिलिमीटरचं, गोल. हे भोक किडा आत शिरल्याचं नसतं, बाहेर पडल्याचं असतं. अळी आतल्या आत तीन-चार वर्षं पोखरत राहते, मग भुंगा होऊन बाहेर येते आणि निघून जाते. म्हणजे भोक हा गेलेल्या पाहुण्याचा पुरावा. प्रश्न एवढाच की आत अजून कुणी आहे का.

जुनी भोकं आतून मळकी, कडा गुळगुळीत, मेण-धूळ बसलेली. ताजी भोकं आतून फिकट, कोऱ्या लाकडाच्या रंगाची. वस्तूखाली काळा कागद पसरा, लाकडी मुठीने फळीवर टकटक करा, थोडे दिवस तसंच ठेवा. कागदावर ताजा भुगा पडत राहिला तर आत वस्ती आहे. बोटात घेतल्यावर तो रवाळ लागला तर हा भुंगेरा. पावडरीसारखा अगदी मऊ लागला तर दुसरा, रुंद पानांच्या झाडांच्या ताज्या पांढऱ्या लाकडावर जगणारा, जो शंभर वर्षं जुन्या ओकमध्ये सहसा राहत नाही.

वस्ती असेल तर छोट्या वस्तूला उणे २० अंशांत, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून, दोन आठवडे गोठवतात. संग्रहालयंही हेच करतात. हॉलस्टँड काही फ्रीजरमध्ये मावणार नाही, त्यासाठी उष्णतेची किंवा वायूची प्रक्रिया करणारे लोक असतात. बोरॅक्सच्या जातीचं द्रावण कोऱ्या, पॉलिश नसलेल्या लाकडात मुरतं, पॉलिशवर लावलंत तर नुसतं डाग पाडेल. मागची फळी बहुधा कोरीच असते, तेव्हा तिथे चालेल. आणि सुरीचं टोक दाबून बघा. फळी पापडासारखी खचली तर ती फळी बदलावी लागेल. मागची फळी बदलणं हा गुन्हा नाही.

वाळवीचा प्रकार वेगळा, तिथे मातीचे मार्ग दिसतात. ते दिसले तर मात्र शेवंता म्हणतात तसं पळा.

शेवंता :
ठीक. पण काळा कागद मी सहा महिने ठेवीन.

रंधा :
ठेवा की. भुंगेरे उन्हाळ्याच्या सुमाराला बाहेर पडतात, त्यामुळे एक उन्हाळा जाऊ देणं शहाणपणाचंच.

आरसपानी :
मला आरशाबद्दल बोलायचंय, कारण पुढचा प्रतिसाद "नवा आरसा बसवून घ्या" असा येणार हे दिसतंय.

बसवू नका. निदान लगेच नको.

आरशाचे दोन जमाने आहेत. पहिल्यात काचेच्या मागे कथिलाचा पातळ पत्रा आणि पारा यांचं मिश्रण असायचं. आपण आजही "पारा उडाला" म्हणतो तो खरंच पारा होता. दुसऱ्यात चांदी आली: युस्टस फॉन लीबिग या जर्मन रसायनतज्ज्ञाने १८३५मध्ये काचेवर चांदीचा थर बसवायची रासायनिक रीत काढली. ती हळूहळू पसरली आणि पाऱ्याचे आरसे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिले.

ओळखायचं कसं? आरशासमोर पांढरा कागद धरा. पाऱ्याच्या आरशात तो निळसर-राखाडी दिसतो, चांदीच्या आरशात थोडा उबदार, पिवळसर. पाऱ्याच्या आरशाचं झिजणंही वेगळं: राखाडी ठिपक्यांची चमचम, खालच्या कडेला जास्त, कारण मिश्रणातला द्रव पारा गुरुत्वाने खाली सरकतो. चांदीच्या आरशात कडेने काळे-तपकिरी ढग येतात. उंबरठांनी लिहिलंय कडेने, म्हणजे चांदीचा असायची शक्यता जास्त, पण बघून खात्री करा. कारण पाऱ्याचा असेल तर मागची फळी स्वतः उघडू नका. खाचेत पाऱ्याचे थेंब साठलेले असू शकतात. आरसा आडवा-उलटा करून गाडीत घालू नका, उभाच न्या. फुटला तर केरात टाकायची वस्तू नाही ती.

बोळात टांगलेल्या आरशाने नाक-डोळे दिसले, कॉलर नीट दिसली की त्याचं काम झालं. कडेचे ढग राहू द्या. त्या उडालेल्या कडेमुळेच आरसा उजेड मऊ परत देतो. लख्ख नवी काच जुन्या चौकटीत नेहमी परकी दिसते, शिवाय नव्या काचेची तिरपी कडा यंत्राची, रुंद आणि धारदार. जुनी हाताने घासलेली कडा बोटाला जेमतेम लागते.

पुसताना फवारा आरशावर मारायचा नाही. द्रव खाली ओघळतो, चौकटीच्या खाचेत शिरतो आणि मागून थर खातो. खालची कडाच आधी खराब होते त्याचं अर्धं कारण हे आहे. कोरड्या मऊ कापडाने पुसा, फार तर कापड किंचित ओलं.

भोचक :
आणि ज्यांना खरंच चेहरा बघायचा असतो त्यांनी?

आरसपानी :
त्यांनी न्हाणीघरात बघावा. 😄 अगदीच हवा असेल तर जुनी काच काढून, गुंडाळून, चौकटीच्याच मागे ठेवून द्या आणि नवी बसवा. पुढच्या मालकाला परत लावता येते.

जुनाबाजार :
स्टँड घ्या, पांढरा चॉक पेंट मारा, कडा पॉलिश पेपरने घासून काढा. अंधाऱ्या बोळात काळपट लाकूड कशाला? मी अशा खूप वस्तू केल्यात, मस्त दिसतात.

रंधा :
नाही नाही नाही.

जुनाबाजार :
का हो? वस्तू तिची आहे.

रंधा :
वस्तू तिची आहे, मान्य. पण जुनं पॉलिश बहुधा लाखेचं असतं. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये (म्हणजे अल्कोहोलमध्ये) विरघळतं. कापसाला थोडं स्पिरिट लावून न दिसणाऱ्या जागी टेका: चिकट झालं, रंग कापसावर आला, तर लाखच. त्याचा फायदा असा की ते कधीही नव्याने चढवता येतं. ओरखडा गेला, पांढरा डाग गेला, वर एक हात फिरवला की थर एकजीव होतो. त्यावर रंग मारलात की हा दरवाजा बंद. पुढे कुणाला तो रंग काढायचा झाला तर लाकडाच्या छिद्रांत पांढरं कायमचं बसलेलं असतं, ओकमध्ये तर विशेष, कारण त्याची छिद्रं खोल.

काळपट दिसणारं लाकूड पुष्कळदा काळं नसतंच, मळलेलं असतं. शंभर वर्षांचं मेण, धूर, हाताचं तेल. आधी टर्पेंटाइन किंवा मिनरल स्पिरिटने (हे वेगळं, यात अल्कोहोल नसतं) कापड ओलं करून पुसून बघा (खिडक्या उघड्या, जवळ ज्योत नको). मेण-मळ निघतो, लाखेला धक्का लागत नाही. निम्म्या वेळा एवढ्यावर काम होतं आणि खालून मधासारखं लाकूड निघतं.

काटकोन :
जुनाबाजार यांचा मुद्दा पूर्ण चुकीचा नाही. १९५०-६०च्या सुमाराला कारखान्यात हजारोंनी निघालेलं कपाट, वर आधीच तीन हात रंग, त्याला काय जपायचं? तिथे रंग मारा खुशाल. एकच: जुन्या तेली रंगात शिसं असायची दाट शक्यता. अमेरिकेत घरगुती रंगांतून ते १९७८मध्ये बाद झालं, बाकी ठिकाणी वेगवेगळ्या काळात. तेव्हा जुना रंग कोरडा घासू नका, धूळ उडते आणि दाराशी लहान मुलं असतात. तपासणीच्या काड्या मिळतात. शिसं निघालं तर ओलं घासणं, किंवा सरळ वरून थर देऊन बंद करणं.

जुनाबाजार :
शिशाचं माहीत होतं, मी काडी वापरतेच. लाखेबद्दलचं पटलं. पण स्टँड मलाही दाखवा, फोटो टाका.

उंबरठा :
फोटो टाकलाय वर. एक सांगायचं राहिलं, स्टँडच्या खालच्या लोखंडी भागावर एक चौकोन आहे, टोकावर उभा केलेला, त्याच्या कोपऱ्यांत अक्षरं आणि आकडे. ते काय?

रंधा :
अहो, ही बातमी आधी द्यायची! ते ब्रिटिश नोंदणीचं चिन्ह. १८४२ ते १८८३ या काळात आकृतिबंधाची नोंदणी केली की वस्तूवर हा हिरा उमटवायचे. वरच्या गोलात वर्ग असतो, धातूच्या वस्तूला रोमन एक. १८६७पर्यंत वर्षाचं अक्षर वरच्या कोपऱ्यात, १८६८पासून उजव्या कोपऱ्यात. तक्ते सहज मिळतात, जुळवून बघा. १८८४पासून हिरा गेला आणि नुसता क्रमांक आला.

पण त्याचा अर्थ नीट घ्या. ती तारीख नक्षीच्या नोंदणीची आहे. ओतकाम त्यानंतर कैक वर्षं चालू असू शकतं. आणि मूळ वस्तू साच्याला लावून नव्याने ओतलेल्या नकला पुष्कळ आहेत, हिऱ्यासकट. नकलेत नक्षीच्या कडा बोथट, अक्षरं पुसट, पाठीमागे खरखरीत, आणि सांधे ग्राइंडरने घासलेले. इंग्लंडमधल्या कोलब्रुकडेलसारख्या कारखान्यांचं ओतकाम बघितलंत तर पानाची शीरसुद्धा बोटाला लागते. तुमच्या फोटोत शिरा दिसतायत.

टिकटिक :
घड्याळाकडे या जरा. नवरोबांची बाजू मी घेतो.

उभं घड्याळ म्हणजे लांब लंबकासाठी बांधलेलं घर. एका सेकंदाला एक झोका घेणारा लंबक सुमारे ९९.४ सें.मी. लांब लागतो, म्हणून पेटी एवढी उंच. ह्युगेन्स या डच शास्त्रज्ञाने लंबकाचं घड्याळ १६५६मध्ये केलं, पण त्यात लंबकाचा झोका फार रुंद होता. साधारण १६७०च्या सुमाराला नांगरासारखा एस्केपमेंट (चाकाचे दात एकेक करून सोडणारा भाग) आला, झोका लहान झाला आणि लंबक अरुंद पेटीत मावला. बोळाला हे सोयीचं: पेटीची खोली २५ सें.मी.च्या आसपास असते, तीही टोकाच्या भिंतीशी.

बसवताना दोन गोष्टी. तबकडीवर किल्लीची दोन भोकं असतील तर बहुधा आठ दिवसांचं, म्हणजे आत सहा-सहा किलोची दोन वजनं. आणताना वजनं आणि लंबक काढून वेगळी आणायची, यंत्र तसंच ठेवून ट्रकात उभं करायचं नाही. दुसरं, पेटी भिंतीला मागून स्क्रूने जखडायची. हे चोरीसाठी नाही. वजनं लंबकाच्या उंचीला आली की न जखडलेली पेटी त्यांच्या तालात डोलायला लागते आणि घड्याळ बंद पडतं. लोक घड्याळजीला बोलावतात, दोष भिंतीचा असतो. शिवाय दाराशी मुलं धावतात, कलंडलं तर जीवावर बेतेल.

चालू केल्यावर डोळे मिटून ऐका. टिक आणि टॉकमधलं अंतर सारखं हवं. लंगडं ऐकू आलं तर फरशी समतल नाही, पायाखाली पाचर घाला, पण आधी पाचर, मग स्क्रू.

उंबरठा :
आणि आवाज? रात्री तासाचे ठोके?

टिकटिक :
ठोक्यांचं वजन चढवायचं नाही. नुसतं वेळेचं वजन ठेवलं की ते मुकाट चालतं. (काही यंत्रांत ठोका बंद ठेवला की बारा तासांनी अडकतं, म्हणून घेताना विचारा.)

शेवंता :
माझ्याकडे बाकाऐवजी ट्रंक आहे. घेताना बघा, फुगीर झाकणाच्या ट्रंकेवर बसता येत नाही. सपाट झाकणाची घ्या. प्रवासात एकावर एक रचता याव्यात म्हणून सपाट आल्या, लुई व्हित्ताँने १८५८मध्ये काढली ती तशीच. आत कागदाचं अस्तर असतं, त्याला कुबट वास येतो. उन्हात उघडी ठेवा, मग कोळसा ठेवा आत. वास गेलाच नाही तर अस्तर काढून आतून लाखेचा एक हात.

काटकोन :
बसायला ४५ सें.मी. उंची लागते. बऱ्याच ट्रंका ५५-६० असतात, पाय लोंबकळतात. शिवाय बसल्यावर झाकण उघडता येत नाही, म्हणजे बूट आत ठेवायचे हे स्वप्नच. बोळाच्या लांबीत काही ठेवायचं तर मी शाळेचा किंवा स्टेशनचा अरुंद बाक घेईन, ३० सें.मी. खोल, खाली मोकळा. चपला-बूट खाली, पिशवी वर. थोनेट या जुन्या युरोपीय कारखान्याची, वाफेवर वाकवलेल्या बीच लाकडाची खुर्चीही चालेल, हलकी असते. त्यांची १४ क्रमांकाची १८५९ची खुर्ची सुटी करून एका घनमीटरच्या खोक्यात ३६ भरायचे, एवढी सुटसुटीत. पेटंट १८६९मध्ये संपल्यावर इतर कारखान्यांनीही तसंच केलं, त्यामुळे बैठकीच्या कड्याखालचा शिक्का किंवा चिठ्ठी बघितल्याशिवाय नाव घेऊ नका.

रंधा :
खुर्ची डगमगत असेल तर पांढरा गोंद ओतू नका. जुने सांधे सरसाने (जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या गोंदाने) जोडलेले असतात. सरस उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो, सांधा स्वच्छ करून परत सरस लावला की पहिल्यासारखा. पांढऱ्या गोंदाने एकदा जोडलं की पुढचा सुतार कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) मोडूनच सांधा उघडतो.

आणि जवसाचं तेल लावणार असाल कुठे, तर चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेतो. चिंध्या बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. हे ज्याला त्याला सांगतो, कारण ऐकणाऱ्याला दर वेळी थाप वाटते.

आरसपानी :
दिव्याचं कुणी बोललं नाही. जुन्या दिव्याचं पितळ, काच सगळं ठेवा, वायर मात्र नवी. जुन्या कापडी वायरीच्या आतलं रबर कडक होऊन तडकतं, बाहेरून छान दिसते आणि आत तार उघडी असते. धातूचा दिवा असेल तर अर्थिंग. पितळ आहे की नुसता मुलामा हे लोहचुंबकाने कळतं: चिकटलं तर आत लोखंड. आणि दिवा आरशाच्या बाजूला, वर नाही. वरून प्रकाश आला की प्रत्येक जण आजारी दिसतो.

भोचक :
मी ऐकलंय की जुन्या कन्सोल टेबलाखाली (भिंतीला टेकून ठेवायचं अरुंद टेबल) आरसा असायचा, बायकांना घागऱ्याची किनार बघता यावी म्हणून. ते घ्या की.

आरसपानी :
ती विक्रेत्यांची आवडती गोष्ट. ते आरसे दोन खिडक्यांमधल्या भिंतीशी, टेबलाखालच्या अंधारात उजेड टाकायला आणि खोली मोठी दिसायला. इतक्या खाली लावलेल्या आरशात उभ्या माणसाला स्वतःच्या पावलांपलीकडे काही धड दिसत नाही. ज्याला शंका असेल त्याने वाकून बघावं.

उंबरठा :
टेप लावून बघितली. उजव्या भिंतीला स्टँड बसतो, दारही पूर्ण उघडतं. मागच्या फळीची भोकं आतून मळकी आहेत. विकणाऱ्याने काळा कागद ठेवायला हरकत घेतली नाही, हे मला आवडलं. पांढऱ्या कागदाला आरसा पिवळसर दाखवतो. खणाचे दात सगळे एका मापाचे निघाले, म्हणजे यंत्राचे. हिऱ्यात उजव्या कोपऱ्यात अक्षर आहे. घड्याळाचा वाद घरी चालू आहे.

आता राहिलं गंजलेलं तबक. त्याला काय करू? आणि स्टँड भिंतीला कसा धरू?

रंधा :
उजवीकडे अक्षर म्हणजे १८६८ ते १८८३. त्या काळात यंत्राचे दात बसतात, काही विसंगत नाही.

स्टँड पुढे झुकतो, कारण सगळे कोट पुढच्या बाजूला. भरलेल्या स्टँडला मुलाने लटकून बघितलं की संपलं. मागच्या उभ्या जाड खांबाला, पातळ फळीला नव्हे, वरच्या बाजूला दोन पितळी पट्ट्या लावा आणि भिंतीत नीट अँकर घालून धरा. पोकळ भिंत असेल तर आतला आधार शोधून त्यातच. शक्य असेल तर खांबाची जुनी भोकं वापरा, बहुतेक वेळा असतात, आधीच्या मालकांनीही हेच केलेलं असतं.

तबकासाठी: सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा. आधी शिसं तपासायची काडी लावून बघा, लोखंडी भागावर जुना रंग असतो. मग साध्या व्हिनेगरमध्ये रात्रभर, दुसऱ्या दिवशी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवून आम्ल मारायचं, आणि लगेच, अगदी लगेच, कोमट ओव्हनमध्ये किंवा उन्हात सुकवायचं. ओलं ठेवलंत तर तासाभरात परत तांबूस. गरम असतानाच मेणाचा पातळ हात. वाळूने फवारून घेऊ नका, नक्षीच्या शिरा जातील.

तरी त्यात रोज पाणी साठणार. आत बसेल अशी पातळ तांब्याची किंवा झिंकची थाळी करून घ्या, म्हणजे पाणी लोखंडाला लागतच नाही. आणि तबक खाचेत सुटंच राहू द्या. कुणी सांगेल हलतंय, खालून चिकटवून टाका, त्याचं ऐकू नका. उचलता आलं नाही तर पाणी कडेने झिरपून खालच्या लाकडात जातं, आणि अशा स्टँडचे पाय तिथूनच कुजतात. पाय तपासलेत ना? स्टँड आडवा करून चारही पायांच्या तळाला सुरीचं टोक लावून बघा, पैसे देण्याआधी.